भाऊजींना निर्माता व्हायचंय, आणि सही माझी हवीय

पत्र:

ताई, आम्ही सोलापूरचे. अक्कलकोट रोडला आमची टॉवेलची शेड आहे, बारा माग. शेड ह्यांच्या आणि माझ्या नावावर आहे, कारण घेताना माझे दागिने मोडले होते. माझे धाकटे दीर बारा वर्षं मुंबईत मालिकांमध्ये काम करतात. हिरो नाहीत, पण चेहरा ओळखीचा आहे. गड्ड्याच्या यात्रेत लोक फोटो काढायला थांबवतात. शेवटची मालिका दिवाळीत संपली, तेव्हापासून हातात काम नाही. आता एका दिग्दर्शक मित्राबरोबर स्वतःच मालिका काढायची म्हणतात. चॅनेलला गोष्ट आवडली आहे. चाळीस लाख कमी पडतात, शेडवर कर्ज काढून द्या, दोन वर्षांत फेडतो, असं म्हणणं आहे. ह्यांना भावाला नाही म्हणता येत नाही. सासूबाई म्हणतात, घरचाच माणूस आहे, कर सही. मी अडले तर वहिनीनं पाय ओढला असं आयुष्यभर ऐकावं लागेल. नट माणसानं या धंद्यात पडावं का? आणि मी सही करावी का? नाव छापू नये.

उत्तर:

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी देते. शेडवर सही करू नका. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि ते ऐकून भाऊजींना माझा राग येईलच असंही नाही.

लग्नानंतर सोलापूरला येण्याआधी मी काही वर्षं अंधेरीत मालिका काढणाऱ्यांच्या हिशेबखात्यात होते. त्यामुळे मालिकांचे भाग कमी आणि त्यांची व्हाउचरं जास्त पाहिली आहेत. तिथून बघितलं तर भाऊजींना वाटतंय ते अगदी रास्त आहे. मालिकेतल्या नटाला दिवसाचे पैसे मिळतात. जितके दिवस बोलावलं तितके दिवस. कथानकात त्याचं पात्र परगावी गेलं की महिना कोरडा. मालिका बंद पडली की सगळंच कोरडं. शिवाय आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी, हा या क्षेत्रातला सर्रास रिवाज. म्हणजे दिवाळीत मालिका संपली तरी माघ महिन्यापर्यंत मागचे चेक येत राहतात आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय. मग एकदम थांबतात. भाऊजींनी पैशाचा विषय आत्ताच का काढला, याचं उत्तर बहुधा इथं आहे. चाळिशीच्या आसपासच्या पुरुष नटाला हिरोचा मोठा भाऊ नाहीतर हिरोईनचा काका, एवढंच मिळू लागतं, हेही त्यांना दिसत असणार.

आणि नटानं निर्माता होणं ही काही आजची टूम नाही. स्मिता तळवलकर दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, मग अभिनय केला, आणि १९८९ च्या ‘कळत नकळत’पासून निर्माती म्हणून उभ्या राहिल्या, पुढे मालिकाही काढल्या. महेश कोठारे सिनेमातून आले आणि ‘जय मल्हार’सारखी मालिका त्यांच्या संस्थेनं केली. श्वेता शिंदे स्वतः मालिकांतल्या नायिका. त्यांनी ‘लागिरं झालं जी’ काढली ती थेट आपल्या सातारच्या मातीत. सुचित्रा आणि आदेश बांदेकरांच्या सोहम प्रॉडक्शन्सची ‘ठरलं तर मग’ तर तुमच्या सासूबाईही बघत असतील. हिंदीत जे. डी. मजेठिया ‘खिचडी’त हिमांशू झाले आणि निर्मातेही तेच. अमोल कोल्ह्यांनी संभाजी महाराजांची भूमिकाही केली आणि त्या मालिकेच्या निर्मितीतही ते होते. तेव्हा नट माणसानं पडू नये, असं मी कशाच्या जोरावर म्हणू?

पण या नावांकडे जरा निरखून बघा. एकटं जवळजवळ कुणीच नाही. मजेठियांबरोबर लेखक आतिश कपाडिया, श्वेता शिंद्यांबरोबर संजय खांबे, बांदेकर नवरा-बायको, आणि अशाच आणखी एक नटी-निर्मात्या शर्मिष्ठा राऊत, त्यांच्याबरोबर त्यांचे पती तेजस देसाई. माझा अनुभवही हाच. एक जण गोष्ट, कलाकार, चॅनेल बघतो आणि दुसरा रात्री बसून पैसे मोजतो. भाऊजी नट, मित्र दिग्दर्शक. दोघंही पहिल्या खुर्चीतले. दुसऱ्या खुर्चीत कोण? तुमच्या पत्रावरून तिथं तुमची शेड बसवायचा बेत दिसतो.

आता पैसा कसा फिरतो ते सांगते. तुम्ही माग चालवता, तुम्हाला लगेच कळेल. सूतवाल्याला पैसे आधी आणि टॉवेलचे पैसे व्यापाऱ्याकडून नंतर, मधली दरी आपण भरायची. मालिकेचं तेच, फक्त दरी फार रुंद.

मराठी मालिका साधारणपणे चॅनेल करून घेतं. एका भागाचे अमुक रुपये असा करार होतो, त्यात सेट, कलाकार, कॅमेरा, जेवण, एडिटिंग सगळं निर्मात्यानं बसवायचं, उरेल तो नफा. हिशेबासाठी भागाला दीड लाख धरा. आठवड्याला सहा म्हणजे महिन्याला २६ भाग, ३९ लाख झाले. जानेवारीच्या भागांचं बिल जानेवारीअखेर लागलं आणि चॅनेलचे पैसे साठ दिवसांनी आले, तर पहिला रुपया मार्चअखेर दिसतो. तोवर तीन महिन्यांचं काम उभं राहिलंय, एक कोटीच्या वरचं. सेट बांधायचा खर्च त्याच्याही आधीचा. भाऊजींचे चाळीस लाख या दरीत धड एक महिना पुरतात. ‘कमी पडतात’ म्हणजे बाकीचे कुठून आलेत, आणि कुणाच्या शब्दावर?

यातला मोठा वाटा निर्माता नव्वद दिवसांच्या रिवाजानं कलाकारांवरच ढकलतो. म्हणजे गेली बारा वर्षं भाऊजी स्वतःच कुठल्या ना कुठल्या निर्मात्याला बिनव्याजी पैसे वापरायला देत होते. पण जनरेटरवाला, लाइटवाले, स्पॉट दादा, जेवणाचा कंत्राटदार थांबत नाहीत. आणि सरकार तर नाहीच. बिल लावलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी लागू झाला. ३९ लाखांवर ७ लाख २ हजार. खरेदीवर भरलेला कर वजा करून उरलेला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, चॅनेलचे पैसे आलेले असोत वा नसोत. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले पाहिजेत असा कायदा आहे. तुमच्या धंद्यात २०२४ च्या सुरुवातीला त्यावरून किती गलका झाला होता ते आठवत असेल. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या निर्मात्यालाही तो आधार घेता येतो. पण पुढची मालिका ज्याच्याकडून हवी त्याच्यावर कोण तक्रार करतो? माझ्या टेबलावरून तरी अशी एकही गेली नाही.

‘दोन वर्षांत फेडतो’ याचाही हिशेब घालून घ्या. चाळीस लाख, बारा टक्के व्याज धरलं, चोवीस हप्ते, तर हप्ता बसतो महिन्याला सुमारे १ लाख ८८ हजार. तो कर्ज मिळाल्यापासून दुसऱ्याच महिन्यात सुरू होतो, पहिला भाग दिसायच्याही आधी. म्हणजे ३९ लाखांच्या कामात पाच टक्के नफा नुसता तुमच्या हप्त्यात जाणार, मित्राचा वाटा, भाऊजींचं घर, मुलांची फी वेगळी. सुरुवातीचे महिने तो हप्ता टॉवेलवरच निघणार, हे कागद न बघताही सांगते.

मालिका चालली तर ही दरी शेवटी भरून येते, हे मी लपवणार नाही. शेवटची बिलं येतात, जवळपास सगळं वसूल होतं, सेटचा पैसा तेवढा मुरतो. ज्यांनी दोन-तीन वर्षं एक मालिका चालवली त्यांनी चांगले पैसे केले आहेत. पण ती किती चालणार हे निर्मात्याच्या हातात नसतं. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती लोकांनी बघितली याचे, आकडे येतात. चार-सहा आठवडे आकडा घसरला की वेळ बदलते, मग फोन येतो की गुंडाळा. आणि कधी आकड्यांचाही संबंध नसतो. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा मराठी मालिकांची युनिटं सामानसुमान घेऊन गोव्याला आणि सिल्वासाला गेली. मे महिन्यात गोव्यानंही थांबवलं. हॉटेलात माणसं, ट्रकमध्ये लाइट, आणि पडद्यावर भाग रोज हवा. ज्याच्याकडे दोन-चार महिने तग धरायचा पैसा होता तो तरला.

एवढं करून मालिका कुणाची? हा प्रश्न भाऊजींना जरूर विचारा. अमेरिकेत १९५१ मध्ये ल्युसील बॉल आणि त्यांचे पती देसी आर्नाझ या नट जोडप्यानं ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू केली. त्यांना ती फिल्मवर आणि हॉलिवूडमध्येच करायची होती. खर्च वाढणार म्हणून त्यांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी स्वतःकडे ठेवली. तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवून कुणी पैसे कमावेल हे फारसं कुणाला सुचलं नव्हतं. त्या मालकीवरच त्यांचा देसीलू स्टुडिओ मोठा झाला. आपल्याकडे पैसे देऊन फिल्म करून घेणारा तिचा पहिला मालक, असं १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे सहसा चॅनेल. उद्या मालिका हिंदीत गेली, ॲपवर राहिली, दुपारी पुन्हा लागली, तर निर्मात्याला करारात असेल तेवढंच, आणि बहुतेक वेळा तिथं काही नसतं. तुमची शेड गहाण टाकून जे उभं राहील ते दुसऱ्याच्या मालकीचं असेल. भाऊजींना हे माहीत नसेल असं नाही, पण उत्साहात माणूस कराराचं ते पान भरभर उलटतो.

‘चॅनेलला गोष्ट आवडली’ यावरही फार जाऊ नका. आवडणं ही पहिली पायरी. मग पन्नास-शंभर भागांचा आराखडा, मग कलाकारांच्या लुक टेस्ट, मग पायलट म्हणजे नमुन्याचा भाग, मग वेळ ठरणं, मग प्रोमो. पायलट करून, चॅनेलच्या साहेबांनी पाठ थोपटून, वर्षभर कपाटात राहिलेल्या गोष्टी मी पाहिल्या आहेत. लेखी मंजुरी, भागांची किमान संख्या, भागाची किंमत, पैसे किती दिवसांत आणि मध्येच बंद केली तर नोटीस किती दिवसांची, ही पाच वाक्यं कागदावर असतील तर बोलण्यासारखं काही आहे. नसतील तर चाळीस लाखांचा विषय घरात काढायलाच नको होता.

सेटवर काय होतं ते थोडं सांगते, कारण भाऊजींना याची कल्पना मुंबईत राहूनही नसेल. नट मेकअप रूममध्ये असतो. निर्माता रात्री साडेनऊला जिन्याखालच्या टेबलावर असतो, जिथं प्रॉडक्शनचा माणूस दिवसाची व्हाउचरं चिमट्याला लावून आणतो. डिझेल, बर्फाच्या लाद्या, हिरोईनच्या साडीला पडलेल्या हळदीच्या डागाचं ड्रायक्लीन, एकादशीला वीस जणांची साबुदाण्याची खिचडी वेगळी, बारा तासांच्या वर शिफ्ट गेली म्हणून जादा पैसे. एकेक विचारायचं, एकेकावर सही. त्याच वेळी आत दिग्दर्शक आणखी एक टेक मागतोय. नट म्हणून भाऊजींना तो टेक हवा असणार, कारण त्यांचा चेहरा मघाशी नीट पडला नव्हता. निर्माता म्हणून त्यांना घड्याळ दिसणार. आणि नव्वद दिवस उलटले की कालपर्यंत त्यांच्याबरोबर डबा खाणारी बाई त्यांनाच हळूच विचारणार, दादा, माझा चेक? बारा वर्षं ते ज्या निर्मात्यांबद्दल घरी येऊन कडवट बोलत होते त्यांच्या जागी ते स्वतः असतील. काहींना हे जमतं, काही त्यातच तयार होतात. ज्याला कुणाला नाही म्हणवत नाही त्याचे मात्र फार हाल होतात. तुमच्या घरात दोन्ही भाऊ तसेच आहेत असं पत्रावरून वाटलं.

आता तुमची सही. शेड दोघांच्या नावावर आहे म्हणून बँक तुम्हाला गहाण ठेवणारी आणि जामीनदार दोन्ही करून घेईल. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. बँकेनं आधी भाऊजींच्या मागं लागावं आणि मग तुमच्याकडं यावं, असं बंधन नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानं साठ दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते. काम सुरू केल्यापासून नव्वद दिवसांनी चॅनेलचे पैसे आणि नव्वद दिवसांनी एनपीए. एखादं बिल अडलं की दोन्ही एकाच आठवड्यात समोर येतील. शेडमध्ये माग चालवणारे कामगारही आहेत, त्यांना या मालिकेत कुणी विचारलेलं नाही.

मित्राबरोबर साधी भागीदारी केली तर तेही धोक्याचं. १९३२ च्या भागीदारी कायद्यानं एका भागीदारानं धंद्यापायी केलेलं देणं दुसऱ्याच्या गळ्यात पूर्णच्या पूर्ण पडू शकतं, राहत्या घरापर्यंत. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, किंवा खासगी कंपनी काढली तर आपण घातलेल्या पैशापुरतं बुडतं. पण तिथंही वैयक्तिक हमी दिली की ते कवच गेलं. म्हणून भाऊजींनी हे करायचंच ठरवलं तर आधी एलएलपी, बँकेच्या चेकवर दोघांच्या सह्या, आणि हिशेबाला तिसरा माणूस, जो या दोघांनाही घाबरत नाही.

मग त्यांनी करायचं काय? मी त्यांच्या जागी असते तर पैसा न घालता निर्मितीत शिरले असते. दुसऱ्याच्या संस्थेत क्रिएटिव्ह प्रोड्यूसर किंवा कार्यकारी निर्माता म्हणून दीड-दोन वर्षं पगारावर. नटाला यात कमीपणा वाटतो, मला माहीत आहे. पण चॅनेलशी रोजचं बोलणं, बजेट बसवणं, लेखकाकडून सोमवारी सीन काढून घेणं हे तिथंच कळतं. किंवा लाइन प्रोड्यूसर व्हावं. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग, सगळं आपल्या सोलापूरच्या आसपास आहे. एखादं युनिट इकडं आलं की परवानग्या, राहणं, गाड्या, गर्दीतली माणसं हे सगळं जुळवून देणारा, मराठी-कन्नड-तेलुगू तिन्ही कानावर पडलेला, ओळखीच्या चेहऱ्याचा माणूस सोन्यासारखा. त्यात आधी आगाऊ रक्कम घेता येते, दरी छोटी असते आणि रोज घरचं जेवण. आणि हातातली गोष्ट खरंच चांगली असेल तर ती एखाद्या जमलेल्या संस्थेकडं घेऊन जावी. पैसा त्यांचा, गोष्ट आणि मेहनत यांची, नफ्यात ठरावीक टक्के आणि पडद्यावर सहनिर्माता म्हणून नाव. गोष्टीचा लेखी मसुदा मात्र नावानं नोंदवूनच बाहेर काढावा.

तुम्हाला अगदीच हात रिकामा दाखवायचा नसेल तर एक रक्कम ठरवा. ह्यांच्याशी बसून, सासूबाईंना न विचारता. जी पूर्ण बुडाली तरी शेडचं वीजबिल आणि मुलांची फी भरता येईल एवढी. ती कर्ज म्हणून द्यायची की हिश्शाचे पैसे म्हणून, ते कागदावर लिहा. चाळीस लाखांच्या जागी तीन लाख निघाले तर तीन. लेखी मंजुरी आल्याशिवाय तेही देऊ नका.

पाय ओढल्याचं बोलणं तुम्हाला थोडं खावं लागेल, त्यातून सुटका नाही. पण ते एकटीनं खाऊ नका. ‘मी सही करणार नाही’ असं सासूबाईंसमोर तुम्ही म्हणालात तर तुम्ही वाईट. रविवारी भाऊजी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं आले की ह्यांनी चहाच्या वेळी म्हणावं, ‘शेड मी देणार नाही, पण तुझी गोष्ट ऐकायचीय, वाच.’ आधी ह्यांना वर लिहिलेला हप्त्याचा आकडा दाखवा. नुसतं सांगू नका, वहीवर मांडून दाखवा, सुताचं बिल मांडता तसं. मग भाऊजींना गोष्ट वाचू द्या. वाचून झाल्यावर विचारा, हिशेब कोण बघणार? एखाद्या माणसाचं नाव लगेच आलं, आणि तो माणूस पैशाचा निघाला, तर त्याला फोन लावा, मी सांगितलेली पाच वाक्यं त्याच्याकडून मागवून घ्या आणि तो कागद वकिलाला दाखवा. नाव आलं नाही तर भाऊजींना मुंबईला परत पाठवताना शेंगाचटणी बांधून द्या, आणि बँकेत जायची ठरलेली तारीख ह्यांच्याच फोनवरून रद्द करून टाका.